नाव राहिले, अर्थ चुकला

रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४२ साली ‘डायनोसॉरिया’ हे नाव छापले, तेव्हा त्या गटात त्याने तीनच प्राणी घेतले होते: मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. ग्रीकमध्ये ‘डायनोस’ म्हणजे भयंकर, ‘सॉरोस’ म्हणजे सरडा. ओवेनच्या मनात भीतीपेक्षा छाती दडपून टाकणारा आकार होता. डायनोसॉर सरडे नव्हतेच, पण तो शब्द आता निघणार नाही.

ग्रीक-लॅटिनच का, याचे उत्तर स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसपर्यंत जाते. युरोपातले विद्वान लॅटिनमधून लिहीत, आणि एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लांबलचक वर्णन असे. लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना दोन शब्दांची नावे सरसकट लावली: पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). ‘टायरॅनोसॉरस रेक्स’ (१९०५) याच साच्यातले. त्यातले ‘जुलमी सरडा’ ग्रीक आहे, तर ‘राजा’ लॅटिन. पुढे इतर भाषांनाही दार उघडले. ‘बारापासॉरस’मधले ‘बारा पा’, म्हणजे मोठा पाय, बंगाली आहे.

नावे देण्याच्या नियमांपैकी सर्वांत कठोर नियम अग्रक्रमाचा: रीतसर छापलेले पहिले नाव टिकते, अर्थ चुकला तरी. रिचर्ड हार्लनने १८३४ मध्ये एका अजस्र जीवाश्माला सागरी सरपटणारा प्राणी समजून ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे राजा सरडा, असे नाव दिले. ओवेनने दात तपासले आणि तो सस्तन प्राणी, म्हणजे देवमासा, निघाला. ओवेनने नवे नावही सुचवले, पण देवमासा आजही सरडाच म्हणवला जातो. मला हा नियम योग्य वाटतो. माहिती सुधारेल तसे नाव बदलत गेले, तर जुना शोधनिबंध कोणत्या प्राण्याबद्दल आहे हेच कळणार नाही.

तरी ‘ओव्हिरॅप्टर’बद्दल वाईट वाटतेच. गोबी वाळवंटात त्याचा सांगाडा अंड्यांवर सापडला. ती अंडी दुसऱ्याच डायनोसॉरची मानून हेन्री ऑस्बोर्नने १९२४ मध्ये त्याला लॅटिनमध्ये ‘अंडीचोर’ ठरवले. हे नाव दिशाभूल करू शकेल, अशी शंका त्याने तेव्हाच नोंदवली होती. १९९० च्या दशकात तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टरच्या कुळातला भ्रूण सापडला, आणि घरट्यावर हात पसरून बसलेला त्याच कुळातला प्रौढ प्राणीही. चोर समजलेला तो प्राणी बहुधा आपलीच अंडी उबवत होता.