चेन्नईचा पावसाळा दिवाळीत

जुलै २०१९. सांताक्रूझला एका दिवसात ३७५ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई पाण्यात गेली. त्याच महिन्यात चेन्नईला जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं. आपल्याकडे अनेकांना मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवली. पण ती एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यात धावली होती. जुलैत पाण्याची गाडी?

चेन्नईच्या हिशेबाने तो पावसाळा नव्हताच.

नैऋत्येचे वारे घाट चढताना थंड होतात आणि बाष्प तिथेच सांडतात. पलीकडे उतरणारी कोरडी हवा दाबली जाऊन तापते, दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी, आणि ढग विरतात. महाबळेश्वर भिजत असताना माणदेश आभाळाकडे बघत बसतो, तो यामुळेच. केरळ आणि तामिळनाडूच्या मधला डोंगर तर आणखी उंच. अनाईमुडी २,६९५ मीटरचं. गंमत म्हणजे वारा अडत नाही, पाणी अडतं. कन्याकुमारीजवळ मुप्पंदलच्या पवनचक्क्या याच महिन्यांत सर्वांत जोमाने फिरतात.

ऑक्टोबरात जमीन निवू लागते, समुद्र मात्र उबदार राहतो. वारे फिरतात आणि ईशान्येकडून वाहू लागतात. आपण याला सरसकट 'परतीचा पाऊस' म्हणतो. शब्द गोड आहे, पण तामिळनाडूपुरता फसवा. तिथे पोचणारं बाष्प आपल्याकडे बरसून उरलेलं नसतं. जमिनीवरून निघालेले कोरडे वारे बंगालच्या उपसागरावर नव्याने पाणी पितात आणि पूर्व किनाऱ्यावर रितं करतात. त्यात कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळं भर घालतात. तिथले लोक त्याला 'वडकिळक्कु परुवमळै', म्हणजे ईशान्य मोसमी पाऊसच म्हणतात. चेन्नईच्या वर्षाच्या सुमारे १,४०० मिलिमीटरपैकी निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. साहजिकच २०१९च्या टंचाईचं एक मोठं कारण आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या दिवसांत सापडतं: २०१८चा ईशान्य मोसमी पाऊस तोकडा पडला होता. तलाव बुजवून वाढलेल्या शहराने बाकीचं काम केलं.

हे दोन पावसाळे नेहमी एका तालावर चालत नाहीत. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, म्हणजे एल निनो आला, की नैऋत्येचा पाऊस बऱ्याचदा आखडतो आणि ईशान्येचा बऱ्याचदा बळावतो. २०१५ साली एल निनो जबरदस्त होता. जून ते सप्टेंबर देशभरात सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पाऊस झाला, मराठवाडा करपला. मग १ डिसेंबरला चेन्नईच्या तांबरम उपनगरावर एका दिवसात ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला, शहर बुडालं. त्यानंतर चार महिन्यांनी मिरजेहून लातूरची गाडी सुटली.