स्वादुपिंडाचं ऑपरेशन: कुठं किती माणसं दगावतात आणि ते मोजतं कोण?

परभणी-नांदेडकडं पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचं नाव निघालं की घरात आधी चर्चा काय, तर हैदराबादला न्यायचं का मुंबईला. मग कुणीतरी म्हणतंच, अमेरिकेत असतो तर टेन्शनच नव्हतं. खरंच तसं आहे का?

स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाज. त्याच्या डोक्याकडच्या भागात कॅन्सरची गाठ झाली की व्हिपल ऑपरेशन करतात, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढायचा आणि उरलेलं सगळं परत जोडायचं. यातला सगळ्यात दगाबाज जोड स्वादुपिंडाचाच. तो गळला की पाचक रस पोटात सुटतो आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या खायला लागतो. म्हणून पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीतलं पाणी तपासतात, तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर त्यात अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचक रसातला एक घटक) रक्ताच्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त निघालं की डॉक्टर सावध होतात.

आता देशांचं बघू. अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन, चौघांकडं या ऑपरेशनची रजिस्ट्री आहे, कुणाचं ऑपरेशन झालं, काय बिघडलं, कोण गेलं याची नोंद. 2014 ते 2017 मधले जवळपास 23 हजार पेशंट घेऊन या रजिस्ट्र्या शेजारी शेजारी ठेवल्या तर व्हिपलनंतरचे मृत्यू अमेरिकेत दीड टक्क्याच्या आत आणि जर्मनीत पाचच्या जवळ. झालं, जर्मन सर्जन कच्चे?

थांबा जरा. अमेरिकेची रजिस्ट्री 30 दिवस मोजते आणि तिथं पेशंटला लवकर घरी सोडतात, जर्मनीत दवाखान्यातला मुक्काम लांबतो आणि तिथं झालेला मृत्यू धरला जातो. समजा जोड गळला, पेशंट आयसीयूत झुंजला आणि चाळिसाव्या दिवशी गेला. एका वहीत तो मृत्यू, दुसऱ्या वहीत तोच माणूस 30 दिवस जगलेला, म्हणजे पास! म्हणून जाणकार 90 दिवसांचा आकडा मागतात, जो 30 दिवसांच्या आकड्याहून बराच मोठा निघतो.

आणि वहीत नाव कोण घालतंय? जर्मन रजिस्ट्री ऐच्छिक, त्यात येणारी हॉस्पिटलं बहुतेक मोठी आणि कामाची. पण तिथल्याच काही संशोधकांनी रजिस्ट्री बाजूला ठेवून देशभरातल्या हॉस्पिटलांची बिलं तपासली, 2009 ते 2013, सुमारे 58 हजार पेशंट, तर दवाखान्यात दगावलेले 10.1 टक्के निघाले. वर्षं वेगळी आहेत, ऑपरेशनंही सगळ्या प्रकारची आहेत हे मान्य, पण एवढी तफावत नुसत्या त्यानं होत नाही. अमेरिकेची रजिस्ट्रीसुद्धा ऐच्छिकच बरं का, त्यामुळं तिथला दीड टक्का म्हणजे सगळी अमेरिका नव्हं. 2002 मध्ये तिथल्याच मेडिकेअरच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सरकारी विम्याच्या, नोंदींवरून दिसलं होतं की स्वादुपिंडाचं ऑपरेशन वर्षाला एखादंही धड होत नाही अशा हॉस्पिटलात 16.3 टक्के पेशंट दगावतात आणि सोळाच्या वर होतात तिथं 3.8.

मला विचाराल तर नेदरलँड्सचं काम सगळ्यात चोख. 2013 पासून देशभरातल्या सगळ्या सेंटरची नोंद, आणि वर्षाला किमान 20 व्हिपल होत नसतील तर ते ऑपरेशन करायचंच नाही. त्यांनी 17 सेंटरमध्ये एक साधी पद्धत लावली, ऑपरेशननंतर ताप, तपासण्या, ड्रेन यावर रोज ठरलेली नजर, शंका आली की लगेच सीटी स्कॅन आणि साचलेलं पाणी काढायला बाहेरून नळी. 90 दिवसांतले मृत्यू 5 टक्क्यांवरून 3 वर आले. सर्जन तेच होते हां.

आपल्याकडं नोंदीची परंपराच नाही असं म्हणू नका. बार्शीची ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री 1987 पासून चालू आहे, तिच्यात आपल्या धाराशिव जिल्ह्यातले परांडा आणि भूम तालुके येतात. पेशंट दवाखान्यात येतच नाही म्हटल्यावर माणसं गावोगाव फिरून लक्षणं सांगायची आणि नोंदी घ्यायची. पण ती कॅन्सर किती झाले ते मोजते, ऑपरेशननंतर काय झालं ते नाही. आणि इकडं तर निम्मा घोटाळा त्याच्या आधीच होतो, न दुखता डोळे पिवळे झाले की साधी कावीळ समजून झाडपाल्यात महिना-दोन महिने जातात, तोवर गाठ काढण्यापलीकडं गेलेली असते, आणि ज्याचं ऑपरेशनच झालं नाही तो जगातल्या कुठल्याच सर्जरी रजिस्ट्रीत नसतो.

ज्यांचं झालं ते देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईहून घरी येतात. पुढं साठाव्या दिवशी जालन्यात ताप भरला तर जवळच्या दवाखान्यात ॲडमिट होतात, आणि मुंबईच्या फाईलवर मात्र शेरा तोच राहतो, ‘तब्येत ठीक, घरी सोडले’.