खुलासा: कनेक्टिकटची संघटना आधी, राष्ट्रीय संघटना नंतर

अमेरिकेतल्या डेंटल हायजिनिस्टांच्या, म्हणजे दात साफ करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या, राज्य संघटना म्हणजे राष्ट्रीय संघटनेने काढलेल्या शाखा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पहिल्या, म्हणजे कनेक्टिकट राज्याच्या, संघटनेच्या बाबतीत तरी हे साफ चुकीचं आहे.

कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट शहराचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 च्या सुमारास आपल्या मदतनीस आणि चुलत बहीण आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचं काम शिकवलं. 1913 मध्ये फोन्स यांनी दवाखान्यालगतच्या गॅरेजमध्ये हे काम शिकवणारी शाळा सुरू केली. तिथून शिकून निघालेल्या बऱ्याच जणी शहरातल्या शाळकरी मुलांचे दात तपासू, साफ करू लागल्या. दात किडण्याआधीच काळजी घ्यायची, हा विचार तेव्हा खरोखर नवा होता.

कनेक्टिकटची राज्य संघटना उभी राहिली 1914 मध्ये, न्यूमन तिच्या पहिल्या अध्यक्ष. या कामाला राज्याच्या कायद्यात जागा मिळाली 1915 मध्ये आणि न्यूमन यांना परवाना 1917 मध्ये. म्हणजे कायद्याचं पाठबळ मिळण्याआधीच या बायका संघटित झाल्या होत्या! हे श्रेय त्यांचंच, आणि ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती 1923 मध्ये.