रोथेनबुर्ग: एका चौकटीमागची साडेसातशे वर्षं

जर्मनीच्या कॅलेंडरांवर आणि जिगसॉ पझलच्या खोक्यांवर एक चित्र हमखास दिसतं. मधोमध लाकडी चौकटींचं, अरुंद, जरासं कललेलं पिवळसर घर. समोर छोटं कारंजं. घराच्या दोन्ही अंगांनी दोन रस्ते फुटलेले. डावीकडचा सिबर्स बुरुजाकडे जातो, उजवीकडचा उतरत कोबोल्त्सेल दरवाजाकडे. या जागेचं नाव प्लोनलाइन आणि गाव बव्हेरियातलं, जेमतेम अकरा हजार वस्तीचं रोथेनबुर्ग ऑब डेअर टाउबर. तिथे गेलेला फोटोग्राफर कितीही नवं टिपायचं ठरवून गेलेला असो, हा एक फोटो काढल्याशिवाय परतत नाही.

चित्रात दिसतं ते मध्ययुग. पण ते असं टिकलं कसं, याचं पहिलं उत्तर अगदी रुक्ष आहे: गावाकडे पैसे उरले नाहीत.

एके काळी ते भरपूर होते. १२७४ मध्ये राजा रुडॉल्फने रोथेनबुर्गला मुक्त शाही नगराचा दर्जा दिला. म्हणजे वर थेट सम्राट, मधे कुणी सरदार नाही. पुढची दोन-अडीचशे वर्षं भरभराटीची गेली. त्या श्रीमंतीचा पुरावा सेंट याकोब चर्चमध्ये आजही उभा आहे: टिलमान रीमेनश्नायडरने १५०० च्या आसपास लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी. तिच्यावर रंग नाही. मागच्या खिडक्यांतून येणारा उजेड कोरीव आकृत्यांच्या आरपार खेळतो, आणि उजेड सरकला की चेहऱ्यांवरचे भाव पालटतात. प्लोनलाइनपुढे रांग लावण्याआधी फोटोग्राफरने अर्धा तास इथे बसावं, असं माझं मत आहे.

त्या सुबत्तेची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेराव्या शतकातले थोर यहुदी धर्मपंडित रब्बी मेईर याच गावात शिकवत. गावाने १५२० मध्ये यहुद्यांना हाकलून दिलं.

मग कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध आलं. १६३१ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीने गाव घेतलं. नुश नावाच्या माजी महापौराने सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवली आणि टिलीने खूश होऊन गाव सोडून दिलं, अशी आख्यायिका आहे. तिच्यावर बेतलेलं नाटक १८८१ पासून होतं, आणि चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या ठरलेल्या वेळी उघडून त्यातले बाहुले हाच प्रसंग करून दाखवतात. पर्यटक कॅमेरे वर धरून वाट पाहत असतात. (बाहुल्यांच्या हालचाली इतक्या जुजबी की फोटोत काही घडतंय असं वाटतच नाही.) प्रत्यक्षात सैन्याने गाव धुऊन नेलं, १६३४ मध्ये प्लेग आला आणि रोथेनबुर्ग जे खाली बसलं ते बसलंच. जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपत कुणाची नव्हती, तटबंदी हटवून गाव वाढवायची गरज नव्हती. १८०२ मध्ये ते बव्हेरियाकडे गेलं तेव्हा ते एक कोपऱ्यातलं, विसरलेलं गाव होतं.

ही मोडकळ एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांना भुरळ घालणारी ठरली. लुडविग रिश्टर, कार्ल श्पिट्सवेग यांच्यासारख्यांनी ती रंगवली. १८७३ मध्ये रेल्वेचा फाटा आला आणि चित्रांमागोमाग माणसंही आली. १९०० च्या सुमारास फोटोक्रोम निघाले: कृष्णधवल निगेटिव्हवरून शिळाछापाने रंगीत केलेली चित्रं. त्यांनी गावाला जगभरच्या दिवाणखान्यांत पोचवलं. तोवर गावकऱ्यांनाही जुनेपणाची किंमत कळली होती. जुनं रोथेनबुर्ग जपण्यासाठी १८९८ मध्ये संस्था निघाली. म्हणजे तेव्हापासून गाव चित्रासारखं दिसावं म्हणून गावच खटपट करू लागलं.

हे चित्र नाझींनाही फार आवडलं. 'आदर्श जर्मन गाव' म्हणून कामगारांच्या स्वस्त सहली इथे आणल्या जात. एकोणिसाव्या शतकात परतून वसलेल्या यहुद्यांपैकी उरलेल्यांना ऑक्टोबर १९३८ मध्ये, देशभरातली सिनेगॉग (यहुद्यांची प्रार्थनास्थळं) जळण्याच्या काही दिवस आधीच, गावाबाहेर काढलं गेलं.

३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी बाँब टाकले. तीनशेहून अधिक घरं आणि तटबंदीचा मोठा तुकडा गेला. जुन्या गावाचा सुमारे चाळीस टक्के भाग, मुख्यतः पूर्वेकडचा. उरलेलं वाचलं त्यात एका चित्राचा हात होता, असं सांगतात. अमेरिकेच्या युद्ध खात्यातले अधिकारी जॉन मॅक्लॉय यांच्या आईने तरुणपणी हे गाव पाहिलं होतं आणि त्याचं चित्र घरात होतं. तोफा डागू नयेत असा मॅक्लॉय यांनी आग्रह धरला, आणि एप्रिलमध्ये गाव न लढता शरण आलं.

उभारणीसाठी जगभरातून पैसे आले. तटावरून चालताना भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्या दिसतात: देणगीदाराचं नाव आणि त्याने किती मीटर भिंतीचे पैसे दिले तो आकडा. जपानी नावं पुष्कळ. त्यात नवल नाही. १९५० मध्ये आखलेला व्युर्त्सबुर्ग ते फ्युसेन हा 'रोमँटिक रोड' इथूनच जातो आणि त्यावर काही ठिकाणी फलकही जपानीत आहेत.

रॉडर बुरुजाजवळची गेर्लाख लोहारशाळा, म्हणजे प्लोनलाइनच्या खालोखाल फोटो निघणारी इमारत, बाँबहल्ल्यानंतर पुन्हा उभारलेली आहे. तिच्या आसपासच्या गल्ल्यांत मात्र बहुतेक कुणी कॅमेरा काढत नाही. तिथे जुनी घरं हुबेहूब बांधली नाहीत आणि काचेच्या पेट्यांसारख्या आधुनिक इमारतीही उभ्या केल्या नाहीत. रस्त्यांची जुनी वळणं, घरांची रुंदी, छपरांचा तीव्र उतार ठेवला. भिंती साध्या गिलाव्याच्या केल्या. नक्षी नाही, कललेली तुळई नाही. गर्दी टाळायची तर बस येण्याआधी सकाळी याच बाजूने गावात शिरावं. उजेडही पूर्वेचाच असतो.