युनिव्हर्सिटीची लायब्ररी : सूचना आणि सेवा (ठाणे-नवी मुंबई)

लायब्ररीत नवीन काय आलं, ती कधी उघडी कधी बंद, कुठला डेटाबेस चालू झाला, ट्रेनिंग कुठल्या दिवशी आहे, हे वाचकाला कळवणं म्हणजे लायब्ररीच्या सूचना. पुस्तकांची देवघेव, संदर्भसेवा, ऑनलाइन जर्नल्स, थीसिसची तपासणी, अभ्यासिका, या झाल्या तिच्या सेवा. या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात पण प्रत्यक्षात एकीवाचून दुसरी चालत नाही, कारण जी सेवा आहे हे पोरांना माहीतच नाही ती असून नसल्यासारखी. ठाणे-नवी मुंबईत हे जरा जास्तच लागू पडतं, इथला बराचसा विद्यार्थी ट्रान्स-हार्बर लोकलने ये-जा करतो, लेक्चर संपलं की गाडी पकडायच्या घाईत असतो, बोर्डासमोर थांबायला त्याला वेळ नसतो.

आधी इथली रचना समजून घेऊ. ठाणे जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो, विद्यापीठ 1857 सालचं, आणि त्याच्या दोन मोठ्या लायब्रऱ्या ठाण्यापासून लांब आहेत. एक फोर्टला राजाबाई टॉवरच्या इमारतीत, जी 1878 मध्ये पूर्ण झाली आणि जिच्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, टॉवरला नाव त्यांच्या आईचं. दुसरी कलिना कॅम्पसमधली जवाहरलाल नेहरू लायब्ररी. ठाण्यात बाळकुमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण दुर्मिळ ग्रंथ, जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक असलं काही हवं असेल तर शेवटी फोर्ट किंवा कलिनाच गाठावं लागतं. नवी मुंबईत वेगळं चित्र, नेरुळ आणि कामोठ्याला स्वतःची मेडिकल कॉलेजं असलेल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांचे कॅम्पस आहेत, लायब्ररी कॅम्पसमध्येच, हॉस्टेलपासून चालत जाण्याइतकी.

आता सूचना. बहुतेक ठिकाणी अजूनही काचेच्या बोर्डात पिन लावलेले ए-फोर कागद असतात. साठा पडताळणीसाठी अमुक दिवस देवघेव बंद, परीक्षेच्या काळात अभ्यासिकेची वेळ वाढवली, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काउंटरवर उपलब्ध, जुनी पुस्तकं परत न केल्यास हॉलतिकीट मिळणार नाही, आणि शेजारी नव्या पुस्तकांची कव्हरं रंगीत झेरॉक्स करून चिकटवलेली. याच्याच जोडीला वेबसाइट, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आले. व्हॉट्सअ‍ॅपमुळे सूचना पटकन पोचते हे खरं, पण फॉरवर्ड होत होत तिची तारीख, कुठल्या वर्षाच्या मुलांसाठी आहे, आयकार्ड लागेल का, हे सगळं गळून पडतं आणि मग लायब्ररी चालू असताना ‘आज बंद आहे’ म्हणून मुलं घणसोली-ऐरोलीहून निघतच नाहीत. चांगल्या सूचनेत तारीख, वार, वेळ, कोणासाठी आणि कोणाला विचारायचं एवढं तरी हवंच.

नव्या माहितीची खबर देणं ही लायब्ररीची जुनी सेवा आहे, तिला प्रचलित जाणीव सेवा म्हणतात. वर्तमानपत्रांची कात्रणं विषयवार लावणं, नव्या जर्नल्सची अनुक्रमणिका विभागांना पाठवणं, नवीन ग्रंथांची महिन्याची यादी काढणं, हे त्यातच येतं. एकेका संशोधकाचा विषय नोंदवून ठेवून त्याला फक्त त्याच्या कामाचं पाठवायचं ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1958 मध्ये मांडली होती. आजचे ईमेल अलर्ट त्याच वळणाचे आहेत. आपल्याकडे शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. ठाण्याहून कलिनाला उभ्याने प्रवास करून गेल्यावर पुस्तक इश्यू झालंय असं कळणाऱ्या मुलीला हा नियम कोणी शिकवायची गरज नाही. रंगनाथन यांचा जन्मदिवस 12 ऑगस्ट, तो ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात आणि त्या आठवड्यात बऱ्याच कॉलेजांत ग्रंथप्रदर्शन लागतं. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, तेव्हाही लागतं.

देवघेवीचं काम आता कॉम्प्युटरवर. कोहा हे सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते न्यूझीलंडमध्ये तयार झालं, 2000 सालापासून वापरात आहे आणि फुकट आहे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांसाठी काम करणाऱ्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअरही चालतं. वाचकाला दिसतो तो त्याचा ओपॅक म्हणजे ऑनलाइन कॅटलॉग. नाव टाकलं की पुस्तकाचा बोलांक येतो, म्हणजे कपाटावर ते कुठे सापडेल त्याचा नंबर, पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 ला. शेजारी स्थिती येते, उपलब्ध आहे की कोणाकडे गेलंय आणि कधी परत येणार. गेलं असेल तर तिथूनच रिझर्व करता येतं, आपल्याकडचं असेल तर घरबसल्या रिन्यू करता येतं, आणि हीच गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, फाइन भरून मोकळे होतात.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत मात्र एक मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुन्या नोंदी करताना देवनागरी टायपिंगची सोय नव्हती म्हणून अनेक ठिकाणी मराठी नावं रोमन लिपीत टाकली गेली, आणि ती ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने. कोणी ‘ज्ञान’ डी-एन-वाय ने लिहिलं, कोणी जे-एन ने, कोणी जी-वाय ने. आता विद्यार्थी युनिकोडमध्ये ‘ज्ञान’ टाइप करतो, स्क्रीनवर शून्य रिझल्ट येतात आणि तो समजतो पुस्तक नाहीच, पुस्तक मात्र चार पावलांवरच्या कपाटात उभं असतं. या नोंदी देवनागरीत नव्याने करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण मराठीत एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांसाठी याच्याइतकी मोठी सेवा दुसरी नसेल. तोपर्यंत काउंटरवरच्या जुन्या माणसाला विचारणं हाच उपाय, त्यांना रॅकचा रॅक पाठ असतो.

ऑनलाइन जर्नल्सच्या बाबतीत अलीकडची सगळ्यात मोठी बातमी म्हणजे ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’, जर्नल्सची वर्गणी सरकारने एकत्र भरून ती संस्थांना खुली करायची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना 25 नोव्हेंबर 2024 ला मंजूर केली, 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 जर्नल्स, आणि 6,300 च्या वर संस्था. समन्वय इन्फ्लिबनेटकडे, ही गांधीनगरची संस्था, 1991 मध्ये यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, प्रकल्प म्हणून सुरू झालेली. पण ही योजना आहे केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. म्हणजे मुंबई विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठाच्या संशोधकाला ती लागू, आणि खाडीच्या अलीकडच्या खाजगी अभिमत विद्यापीठाला मात्र जर्नल्स स्वतःच्या पैशाने घ्यावी लागतात. एकाच लोकलने जाणाऱ्या दोन पीएच.डी.च्या मुलांना एकच लेख एकाला उघडतो आणि दुसऱ्याला पैसे मागतो, हे बरोबर नाही, संशोधन कोणाच्या कॅम्पसमध्ये चाललंय यावर वाचायला मिळणं अवलंबून नसावं. जिथे जर्नल्स मिळतात तिथे घरून वापरायची सोयही बहुधा असते, इनफेडसारख्या लॉगिनने, फक्त लायब्ररीत जाऊन आपलं अकाउंट चालू करून घ्यावं लागतं.

पीएच.डी.वाल्यांचा लायब्ररीशी खरा संबंध येतो तो शेवटी. थीसिसची सॉफ्ट कॉपी शोधगंगावर, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन साठ्यावर जाते, तीही इन्फ्लिबनेटचीच, आणि त्याआधी दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती साम्य आहे ते तपासलं जातं. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, 10 ते 40 असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं, 40 ते 60 ला एक वर्ष थांबायचं, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची यातून वगळतात, हे माहीत नसल्याने मुलं पहिला रिपोर्ट बघून उगाच घाबरतात. ज्या लायब्ररीत हा रिपोर्ट कसा वाचायचा याचं वर्षातून एकदा तरी ट्रेनिंग होतं तिथल्या मुलांची शेवटच्या महिन्यातली धावपळ बरीच कमी होते.

झेरॉक्सबद्दल कायम विचारणा असते. दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्ये शिकवण्यासाठी लागणाऱ्या पुस्तकांमधल्या भागांची कोर्स पॅकसाठी, म्हणजे अभ्यासाला लावलेल्या उताऱ्यांच्या गठ्ठ्यासाठी, प्रत काढणं कॉपीराइटचा भंग नाही असं म्हटलं, पण म्हणून अख्खं पुस्तक छापून घ्यायला ते परवानगी देतं असं नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने वेगळी सवलत आहे, त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररीही आहे, आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, त्यामुळे एक कॉम्प्युटर आणि हेडफोन बाजूला ठेवला तरी ही सेवा सुरू होऊ शकते.

ठाण्यातल्या मुलांना अजून एक आधार आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय, 1893 मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेलं. ती युनिव्हर्सिटीची लायब्ररी नाही, सार्वजनिक आहे, पण जुन्या मराठी ग्रंथांसाठी कलिनाला जायच्या आधी तिथे चौकशी करावी.

कोर्स संपला की लायब्ररीचं नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र, घ्यावं लागतं, त्याशिवाय डिपॉझिट परत मिळत नाही आणि अनेक ठिकाणी मार्कशीटही अडते. पुस्तक हरवलं असेल तर त्याच आवृत्तीची किंवा नंतरच्या आवृत्तीची प्रत आणून देणं सहसा चालतं, तसं आधी काउंटरवर विचारून लेखी घ्यावं.