ग्रॅव्हल सायकलिंग, डोंगरदऱ्यांतील

ग्रॅव्हल सायकलिंग : खडी, मुरूम, माती किंवा फुटक्या दगडांच्या, डांबर न पडलेल्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची सायकलस्वारी. पर्वतांतल्या दऱ्या आणि नद्यांनी कोरलेल्या घळया हे तिचे खास क्षेत्र. ग्रॅव्हल बाईक दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलची असते. टायर मात्र रुंद, ब्रेक डिस्कचे आणि गिअर चढासाठी हलके असतात. अरुंद पायवाटा आणि उड्या हे माउंटन बाईकचे काम. जिथे जीप कशीबशी जाते तिथे ग्रॅव्हल बाईक खुशीत चालते.

नाव नवे, प्रकार जुना. टूर द फ्रान्स १९१० मध्ये पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत शिरली, तेव्हा २,११५ मी. उंचीच्या तूरमाले खिंडीतला रस्ता कच्चाच होता. त्या अर्थाने त्या काळचे सगळेच सायकलपटू ग्रॅव्हलवाले. पुढे डांबर पसरले आणि कच्च्या वाटा मुद्दाम शोधत जाणाऱ्यांची वेगळी जात तयार झाली. ब्रिटनमध्ये अशांनी १९५५ साली रफ स्टफ फेलोशिप हा क्लब काढला. आजच्या लाटेची सुरुवात अमेरिकेतली. कॅन्झस राज्यात २००६ मध्ये सुरू झालेली, आता अनबाउंड ग्रॅव्हल नावाने भरणारी २०० मैलांची शर्यत तिच्यातली सर्वांत गाजलेली. सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने या सायकलींसाठी जीआरएक्स हा गिअरसंच २०१९ मध्ये आणला, आणि २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो भागात पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. बेल्जियमचा जानी व्हेरमीर्श आणि फ्रान्सची पोलीन फेरां-प्रेव्हो तिचे विजेते. कॅन्झसची शर्यत मात्र गवताळ टेकाडांवरून जाते. घळईत शिरल्यावर हिशेब बदलतो. तिथे चढ किती, खडी कुठली आणि वारा कुठून, हे नदी ठरवते.

पर्वत ओलांडायचा तर एरवी खिंड चढावी लागते. काही नद्या मात्र पर्वताला आरपार चिरून जातात, कारण पर्वत वर उचलला जाण्याआधीपासून त्या तिथून वाहत होत्या. जमीन जितकी वर आली तितकी त्यांनी कापून काढली. नेपाळमधली काली गंडकी हे याचे ठळक उदाहरण : धौलागिरी (८,१६७ मी.) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मी.) या दोन शिखरांच्या मधून ती वाहते, आणि तिच्या काठचा रस्ता कुठलीही मोठी खिंड न चढता हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे पोचतो. नकाशावर असा रस्ता सोपा दिसतो. प्रत्यक्षात पात्र अरुंद झाले की तो पाण्याजवळ राहू शकत नाही. कड्यात खणून वर जातो, पुढे उतरतो, पुन्हा चढतो. दिवसअखेर नदीकाठ फक्त ३०० मीटरने उंचावलेला असतो आणि पायांनी १,००० मीटर चढलेले असतात.

याला अपवाद जुन्या रेल्वेमार्गांचा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर लगेच घसरते, म्हणून इंजिनाला दोन-तीन टक्क्यांहून जास्त चढ झेपत नाही. घळईतून रूळ नेणाऱ्या अभियंत्यांनी हा चढ राखण्यासाठी बोगदे खोदले, पूल उभारले. रूळ उखडल्यावर ती सगळी मेहनत सायकलवाल्यांच्या पदरात पडली. कॅनडातल्या केटल व्हॅली रेल्वेच्या मायरा घळईत असे १८ पूल आहेत. २००३ च्या वणव्यात त्यांतले १२ लाकडी पूल जळाले आणि २००८ पर्यंत पुन्हा बांधून झाले. न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल २००० साली पूर्ण झाला. सुमारे १५० किमी.चा हा मार्ग पूलबर्न घळईतून बोगद्यांमधून जातो. बोगद्यात शिरण्याआधी दिवा लावायचाच, पण वेगही कमी करायचा. उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही, आणि नेमके तोंडाशीच पाणी साचलेले असते.

आता खडी. फुटलेला दगड आणि झिजलेला दगड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टायरला हा फरक डोळ्यांच्या आधी कळतो. कड्यावरून तुटून पडलेल्या दगडाला कोन असतात. तो बारीक मुरमात दाबला गेला की एकमेकांत अडकून बसतो आणि रस्ता जवळपास डांबरासारखा पळतो. नदीतला गोटा पाण्यासोबत लांबून घासत आलेला असतो. काली गंडकीच्या पात्रातले काळे, गुळगुळीत शाळिग्राम आठवावेत. अशा गोट्यांचा थर रस्त्यावर टाकला की ते कधीच धरून बसत नाहीत; चाकाखालून गोट्या निसटाव्यात तसे निसटतात. तिथे पुढचा ब्रेक दाबणे किंवा हँडल एकदम वळवणे म्हणजे पडणेच. वजन मागे ठेवून, हँडल सैल धरून, पेडल फिरवत राहिले तर सायकल स्वतःच वाट काढते. बाजूचे ओढे जिथे मुख्य नदीला मिळतात तिथे हा त्रास हमखास होतो, कारण दर पुरात ओढा राडारोडा आणून रस्त्यावर टाकतो.

दुसरा त्रास रस्त्यावर पडणाऱ्या आडव्या वळ्यांचा. पन्हाळी पत्र्यावरून जावे तसे सगळे अंग खिळखिळे होते. या वळ्या गाड्यांच्या स्प्रिंगमुळे पडतात असे पुष्कळांना वाटते. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, वाळूवर साधे चाक फिरवले तरी ठराविक वेगानंतर वळ्या पडतातच, असे दिसले. त्यामुळे चढाची वळणे आणि ब्रेक लावण्याच्या जागा टाळून रस्त्याच्या अगदी कडेने जाणे, एवढाच उपाय उरतो. घळईत ती कड दरीच्या बाजूची असेल तर वळ्याच बऱ्या.

वाऱ्याचे वेळापत्रक मात्र भरवशाचे. दिवसा उतार तापतात, हवा वर जाते, तिची जागा घ्यायला खालून हवा दरीत ओढली जाते. रात्री थंड हवा उलट खाली घरंगळते. घळईच्या अरुंद तोंडात दिवसाचा वारा फार जोर धरतो. काली गंडकीच्या खोऱ्यात तो सकाळ सरता सरता सुरू होतो आणि दुपारी धूळ उडवत थेट वरच्या दिशेने वाहतो. याच खोऱ्यातल्या जोमसोम गावाच्या धावपट्टीवर विमाने सकाळीच उतरवून घेतात, ती याच वाऱ्यामुळे. तिथून खाली निघालेल्या नवख्या सायकलवाल्याला दुपारी उतारावरही पेडल मारावे लागते, हे सांगून पटत नाही. जाणते लोक उतार पहाटे उरकतात आणि चढ दुपारी, वारा पाठीशी घेऊन करतात.

पाण्याचीही वेळ पाळावी लागते. हिमनदीतून येणारा ओढा पहाटे घोट्याएवढा असतो आणि बर्फ वितळल्यावर दुपारनंतर मांडीपर्यंत येतो, म्हणून असे ओढे सकाळीच ओलांडायचे, तेही उतरून, सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला न धरता. वर धरली तर पाणी तीच अंगावर ढकलते. अरुंद घळईत पावसाचा धोका डोक्यावरच्या आभाळावरून ओळखता येत नाही. वीस किलोमीटर वर पाऊस पडला तरी लोंढा निळ्या आभाळाखाली येतो. धरणाखालच्या पात्रात तंबू टाकू नये, हेही त्यातच आले.

सायकलीबद्दल थोडक्यात. डोंगरातल्या खडीसाठी ४० ते ५० मिमी. रुंदीचे, ट्यूब नसलेले टायर चांगले. आतले पातळ रबरी रसायन बारीक छिद्रे आपोआप बुजवते, आणि हवा कमी ठेवता येत असल्याने पकड वाढते. पुढे ४० आणि मागे ४४ दातांचे चक्र असले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दोन मीटर सरकते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांत ताशी सुमारे ७ किमी. सामान लादलेले असेल आणि चढ तीव्र असेल तर हाही गिअर जड वाटतो. लांब उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याची सवय वाईट : डिस्क तापते, पकड सुटत जाते. जोरात पण थोडा वेळ दाबून मोकळा सोडला की डिस्कला थंड व्हायला सवड मिळते.

उंच भिंतींमुळे घळईत उपग्रहांचे संदेश अडतात किंवा कड्यावर आपटून येतात. स्क्रीनवरचा बाण मग नदीपलीकडे दिसू लागतो आणि मोजलेले अंतर फुगते, म्हणून अंतरासाठी चाकाला लावलेला सेन्सर आणि उंचीसाठी हवेच्या दाबावर चालणारा मापक जास्त विश्वासाचा. संकटात वापरायच्या उपग्रह-संदेशकालाही मोकळे आभाळ लागते. घळईच्या तळाशी पाठवलेला निरोप गेला की नाही ते पाहावे, आणि गेला नसेल तर दरी रुंद होते त्या पुढच्या वळणापर्यंत उपकरण चालत न्यावे.