पिंजऱ्यात सापडला तोच बिबट्या दोषी?

‘नरभक्षक बिबट्या अखेर जेरबंद’ असा मथळा येतो, गावाला हायसं वाटतं. पण सापडलेला बिबट्या तोच कशावरून? पिंजऱ्यात मागच्या कप्प्यात शेळी बांधतात. तिच्या वासानं जो आधी आत शिरेल त्याच्यामागे दार पडतं. उसाच्या पट्ट्यात एकाच शिवारात नर, मादी आणि तिची वाढती पिल्लं वावरतात.

फ्रान्समधल्या साविन्यी गावात १४५७ साली पाच वर्षांच्या मुलाला मारलं म्हणून एका डुकरिणीवर रीतसर खटला चालला आणि तिला फाशी झाली. तिची सहा पिल्लं रक्तानं माखलेली होती, तरी पुराव्याअभावी सुटली. डुकराला गुन्हेगार ठरवणं चूकच. पण पुरावा तरी मागितला होता.

आज तो लाळेत मिळतो. मृतदेह धुण्याआधी सुळ्यांच्या जखमेच्या कडेनं निर्जंतुक पाण्यात भिजवलेला बोळा फिरवायचा, सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो. बोळ्यावर बहुतेक डीएनए माणसाचाच, म्हणून फक्त मांजरकुळाच्या डीएनएवर चिकटणारे प्रायमर, म्हणजे हवा तेवढाच डीएनए वाढवून घेण्यासाठी वापरायचे छोटे डीएनए-तुकडे, लागतात. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, डीएनएवरून प्राण्याची जात कळते, पण तो आईकडून येतो. आई-पिल्लांत फरक दिसत नाही. नेमका प्राणी ओळखायला पेशीच्या केंद्रकातले मायक्रोसॅटेलाइट पाहतात: डीएनएच्या काही अक्षरांचा तुकडा किती वेळा पुन्हा येतो, एक आकडा आईचा, एक बापाचा. लाळेतल्या आणि पकडलेल्या बिबट्याच्या डीएनएत अशा अनेक जागा जुळाव्या लागतात. नमुना खराब असला तर दोनपैकी एक आकडा गळतो आणि तोच बिबट्या वेगळा भासतो. म्हणून प्रत्येक जागा अनेकदा तपासायची.

माणसाचं रक्त खारट म्हणून बिबट्याला त्याची चटक लागते, ही निव्वळ समजूत. शेळीच्या रक्तातही मीठ जवळपास तेवढंच असतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये बिबट्याचा ‘गुन्हा’ नाहीच. अशा वेळी कलम ११ विचारतं, की हा प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे का. आणि पकडणं, बेशुद्ध करणं वा हलवणं शक्य नसेल तरच मारण्याचा लेखी, सकारण आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्यही भारतीय न्याय संहितेत गुन्हा ठरत नाही. बरं-वाईट न कळणाऱ्या बिबट्याला दोषी कसं म्हणणार?

मात्र चुकीचा बिबट्या उचलला तर धोका तसाच उरतो. जुन्नरला २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले. वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले त्यानंतर १७ वर गेले.